‘टेक ऑफ’ची कार्डं: चार कोरियन शेजाऱ्यांबरोबरच्या बारा आठवड्यांच्या नोंदी

शनिवार, 2 मार्च 2024

आजपासून या नोंदी ठेवते आहे. पुण्याजवळ चाकण-रांजणगाव पट्ट्यात कोरियन कंपन्यांमुळे आलेल्या कुटुंबांना इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणी आहेत. दोघींचा प्रश्न एकच असतो: ही माणसं व्याकरणात पक्की, शब्दसंग्रह दांडगा, मग ‘टेक ऑफ’, ‘पुट ऑन’, ‘पिक अप’ आलं की अडतात कुठे? मी इथे दक्षिण कोरियात, देजॉनच्या युसॉन्ग भागात राहते. आमच्या वसाहतीच्या छोट्या वाचनालयात दर शनिवारी दहा ते साडेअकरा चार शेजाऱ्यांना इंग्रजी बोलायला शिकवते. फी नाही. वसाहतीतलेच असल्यामुळे खोलीला भाडंही नाही.

चौघं अशी: 67 वर्षांच्या एक आजी, चष्म्याचं दुकान चालवणारे एक काका, रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करणारी नर्स आणि एक तरुण इंजिनिअर. आजी 18 मेला लेकीकडे डेन्व्हरला निघणार आहेत, एकट्याच. लॉस एंजेलिसला विमान बदलायचं, म्हणजे तिथली सुरक्षा तपासणी इंग्रजीतच होणार. त्यांना नेमकं जे लागणार त्यातलं बरंचसं ‘टेक ऑफ’मध्ये येतं: बूट, पट्टा, जाकीट आणि विमान. म्हणून हे एकच क्रियापद मे महिन्यापर्यंत धसास लावायचं ठरवलं.

आज शब्दकोशातून अकरा अर्थ काढले, प्रत्येकापुढे कोरियन अर्थ आणि एक वाक्य लिहिलं, रंगीत प्रिंट काढून वाटले. पाठ करून यायला सांगितलं.

(कोरियन शब्द देवनागरीत जसे ऐकू येतात तसे लिहिते आहे. त्यांचा ‘उ’सारखा एक स्वर आपल्याकडे नाहीच, तिथे उकार चालवून घेते.)

शनिवार, 9 मार्च

चाचणी घेतली, वीस वाक्यांची. पाठांतर चोख होतं. अकराही अर्थ चौघांनी क्रमाने म्हणून दाखवले. पण वाक्य बनवायला सांगितलं तेव्हा इंजिनिअरचे बारा बरोबर, नर्सचे नऊ, काकांचे सात, आजींचे चार.

चुकांमध्ये एक ठरावीक घोळ दिसला. ‘पुट ऑन’च्या उलट म्हणून तिघांनी ‘पुट ऑफ युवर शूज’ लिहिलं. दिव्याचं ऑन-ऑफ असतं, मग कपड्यांचंही तसंच असणार, हा त्यांचा हिशोब. त्यात तर्काची चूक नाही, म्हणूनच ती चूक निघता निघत नाही. इंजिनिअरने तर ‘टेक ऑफ’ शक्य तिथे टाळलंच: ‘रिमूव्ह युवर जॅकेट’, ‘रिमूव्ह युवर हॅट’. इंग्रजी म्हणून बरोबर, पण जेवायला आलेल्या पाहुण्याला असं कुणी म्हणत नाही.

अकरा अर्थांची यादी वाया गेली. आठ रंगीत पानं, एका पानाचे 300 वॉन, शिवाय माझे चार तास.

मंगळवार, 12 मार्च

दोन दिवस विचार केला. मी यादी इंग्रजीकडून सुरू केली होती. त्यांच्या मनात मात्र आधी कोरियन क्रियापद येतं आणि मग ते इंग्रजी शोधतात. तर कोरियनकडूनच निघावं.

घरातल्या वस्तू टोपलीत भरल्या: टोपी, मोजे, अंगठी, मनगटी घड्याळ, नवऱ्याचा टाय, पट्टा, चष्मा, किंमतीची चिठ्ठी न काढलेला कप, झाकणाचं पातेलं, थोडी लिपस्टिक.

शनिवार, 16 मार्च

टोपली टेबलावर ओतली आणि एकेक वस्तू उचलून ‘हे कोरियनमध्ये काय करता?’ एवढंच विचारलं. फळ्यावर लिहित गेले. इथे पहिल्यांदा मला त्यांची अडचण खरी कळली.

कपडे, बूट, टोपी, चष्मा यांना ‘बॉत्ता’. अंगठी असेल तर ‘प्पेदा’, म्हणजे ओढून बाहेर काढणं. घड्याळ, टाय, पट्टा यांना ‘फुल्दा’, सोडणं. किंमतीची चिठ्ठी ‘त्तेदा’, चिकटलेलं सोडवणं. लिपस्टिक, मेकअप ‘जिउदा’, पुसणं. फळा पुसतात तोही जिउदाच. पातेलं शेगडीवरून काढायचं तर ‘नेरिदा’, उतरवणं. इंग्रजी या सगळ्यांना ‘टेक ऑफ’मध्ये कोंबते.

घालण्याच्या बाजूला तर याहून जास्त फाटे: कपडे ‘इप्ता’, बूट-मोजे ‘शिन्ता’, टोपी ‘स्सुदा’, अंगठी ‘क्कीदा’, घड्याळ ‘छादा’, टाय ‘मेदा’. काढताना त्यातले काही परत एकत्र येतात, काही येत नाहीत.

मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे, कारण आपणही थोडं तसंच करतो. सदरा घालतो, चष्मा लावतो, घड्याळ बांधतो, पदर घेतो. काढताना ‘काढणे’ बरंच सांभाळून घेतं, तरी पट्टा आपण सोडतो आणि कुंकू पुसतो. पातेलं उतरवतो, हुबेहूब त्यांच्यासारखं. म्हणजे ‘टेक ऑफ’ची अकरा खणांची यादी ही इंग्रजी शब्दकोशाची सोय होती. शिकणाऱ्याला उलटं हवं: माझ्याकडे सहा शब्द आहेत, ते सगळे इथे एकाच दारातून आत जातात.

दारावर लावलेली पाटीही फळ्यावर घेतली: ‘शिन्बाल बॉत्को दुरोओसेयो’. बूट काढून आत या. शब्दांचा क्रमही आपलाच.

आज नवीन वाक्यांत चौघांच्याही चुका निम्म्यावर आल्या. आजींनी तर एकामागून एक सात वस्तू उचलून बिनचूक म्हटलं.

शनिवार, 23 मार्च

आज मी मोठी चूक केली. पुढे कुणी करू नये म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पार्श्वभूमी. कोरियन शिकताना मला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांची जोडक्रियापदं. आपण ‘खाऊन बघ’ म्हणतो, ते ‘मॉगॉ ब्वा’ म्हणतात, आणि ‘ब्वा’ म्हणजे बघच. आपण ‘लिहून ठेवतो’. त्यांचं ‘नोथा’ म्हणजे ठेवणं, ते तसंच जोडतात. आपण ‘करून देतो’, तेही ‘हे जुदा’, जुदा म्हणजे देणं. आणि आपण ‘करून टाकतो’, तिथे ते ‘हे बॉरिदा’. बॉरिदा म्हणजे टाकणं. कचरा टाकण्यालाही हाच शब्द, आपल्याप्रमाणेच! इतक्या दूरच्या दोन भाषांनी ‘टाकणे’ हेच क्रियापद काम पुरं करण्यासाठी वापरावं, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

त्या आनंदात मी आज वर्गात सांगून बसले की इंग्रजीतले ‘ऑफ’, ‘अप’ हे शेपटीचे शब्द म्हणजे तुमचं बॉरिदा समजा. काम पूर्ण झाल्याची खूण. सगळ्यांचे चेहरे उजळले. मी खूश.

मग वाक्यं आली. ‘आय फरगॉट ऑफ’. ‘आय लॉस्ट ऑफ माय अम्ब्रेला’. कारण कोरियनमध्ये विसरणं ‘इजॉबॉरिदा’ आणि हरवणं ‘इरॉबॉरिदा’. दोन्हींच्या पोटात बॉरिदा आहेच. मी सांगितलेला नियम त्यांनी इमानदारीने वापरला होता.

तास संपला तेव्हा चौघांच्याही वह्यांत ‘ऑफ बरोबर बॉरिदा’ लिहिलेलं होतं.

शनिवार, 30 मार्च

सगळा तास मागचं पुसण्यात गेला. वह्यांतली ओळ खोडायला लावली आणि सांगितलं की चूक माझी आहे. इथे शिक्षकाने असं म्हणणं फारसं होत नाही. आजी दोनदा म्हणाल्या, ‘सॉन्सेंगनिम (म्हणजे बाई, शिक्षक), राहू द्या.’ पण चुकीचा नियम राहू दिला तर तो वर्षानुवर्षं राहतो.

फरक असा समजावला. बॉरिदा आणि आपलं ‘टाकणे’ बोलणाऱ्याच्या मनातलं सांगतात: झालं एकदाचं, सुटलो, किंवा अरेरे, होऊन गेलं. ‘टेक ऑफ’मधलं ‘ऑफ’ मनातलं काही सांगत नाही. ते जागा सांगतं: वस्तू अंगावर होती, आता नाही. चिठ्ठी कपाला चिकटली होती, आता नाही. हाताने करून दाखवलं, हात टेबलाला टेकवून उचलला, प्रत्येक वस्तूला तेच.

‘बघणे’चा मेळ मात्र एका ठिकाणी टिकला. ‘ट्राय ऑन’ म्हणजे ‘इबॉ बोदा’, म्हणजे ‘घालून बघणे’. तिन्हींकडे कपड्याच्या दुकानातलं वाक्य. तेवढं ठेवलं.

बुधवार, 3 एप्रिल

चष्मेवाल्या काकांचा मेसेज. दुकानात एक परदेशी विद्यार्थिनी आली होती, डोळे तपासायला. काकांनी विचारलं, ‘प्लीज टेक ऑफ युवर लेन्सेस’. तिने चष्मा काढला आणि थांबली. काकांना हवे होते डोळ्यांतले लेन्स.

दोष माझ्या फळ्याचा. मी ‘प्पेदा’पुढे सरळ ‘टेक ऑफ’ लिहिलं होतं, कारण हातात अंगठी होती. पण कोरियनमध्ये लेन्सही प्पेदाच, आणि ते डोळ्याच्या आतून निघतात. इंग्रजीत त्याला ‘टेक आउट’. कानातल्यांनाही बरेच जण ‘टेक आउट’ म्हणतात.

शनिवार, 6 एप्रिल

प्पेदाचं कार्ड दोन भागांत कापलं. वरून निघतं ते ‘ऑफ’, आतून निघतं ते ‘आउट’. अंगठी बोटावर असते, लेन्स डोळ्यात. काकांनी लगेच तपासून पाहिलं: चष्मा? ऑफ. लेन्स? आउट. कानातलं भोकातून जातं, म्हणून आउट. हा निकष चालला.

आजींनी मध्येच विचारलं, वजन कमी करणंही ‘साल प्पेदा’च, मग तिथे? तिथे ‘लूज वेट’ शिकवलं आणि पुढे गेले. सगळ्याला एकच नियम लावायची हौस मागच्याच आठवड्यात फिटली होती.

‘क्काक्ता’ही आज आलं. सफरचंद सोलणं, पेन्सिलीला टोक करणं, केस कापणं आणि भाव कमी करणं, सगळं क्काक्ता. बाजारात आजी ‘क्काक्का जुसेयो’ म्हणतात, म्हणजे भाव कमी करून द्या. ‘कॅन यू टेक 10 पर्सेंट ऑफ?’ हे वाक्य त्यांना एकदाच सांगावं लागलं. दुकानांच्या काचांवर ‘30% ऑफ’ त्या रोज वाचतात. फक्त त्याच्या मागे ‘टेक’ लागू शकतं हे माहीत नव्हतं.

बुधवार, 10 एप्रिल

संसदेच्या निवडणुकीची सुट्टी. घरी बसून कार्डं कापली. आतापर्यंतचा खर्च: दाइसो या स्वस्त वस्तूंच्या दुकानातून कोऱ्या कार्डांचे तीन संच 3,000 वॉन, लवचिक पट्टी 1,000, प्लास्टिकचं फोल्डर 2,000, रंगीत प्रिंट सोळा पानं 4,800. एकूण 10,800 वॉन, म्हणजे सुमारे साडेसहाशे रुपये. त्यातले 2,400 वॉन पहिल्या यादीत फुकट गेले. नवीन सुरू करणाऱ्यांनी रंगीत प्रिंट काढूच नयेत. कोरं कार्ड आणि जाड पेन पुरतं.

शनिवार, 13 एप्रिल

आज फक्त एक गोष्ट घेतली: ‘इट’ आणि ‘देम’ची जागा.

‘टेक ऑफ युवर शूज’ चालतं, ‘टेक युवर शूज ऑफ’ही चालतं, पण ‘टेक ऑफ देम’ चालत नाही. कोरियनमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण समोर बूट दिसत असताना ‘ते’ म्हणायची गरज नसते. नुसतं ‘बॉसॉ’, काढ. त्यामुळे त्यांचं इंग्रजी वाक्यही ‘प्लीज टेक ऑफ’वर थांबतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, निघायला सांगताहेत.

तोंडी नियम सांगून काही झालं नाही. मग लवचिक पट्टीचा उपयोग केला. ‘टेक’ आणि ‘ऑफ’ अशी दोन कार्डं पट्टीने जोडली. पट्टी ताणली की मध्ये फट पडते. ‘इट’ आणि ‘देम’ची कार्डं त्या फटीच्या मापाची, अरुंद कापली. ‘शूज’, ‘जॅकेट’ ही कार्डं रुंद. ती मध्येही बसतात आणि शेवटीही. अरुंद कार्ड शेवटी ठेवलं तर पट्टीत न अडकता पडून जातं. हाताने दहा-बारा वेळा बसवल्यावर तोंडात बसायला लागलं.

‘देम’चं दुखणं वेगळं. कोरियनमध्ये बूट एक की दोन हे सांगावं लागत नाही, म्हणून बुटांनाही ‘टेक इट ऑफ’ येतं. आपण ‘बूट काढले’ म्हणतो, आपल्याला हे आपोआप येतं. चष्म्याला मात्र मीही अडखळले होते शाळेत असताना: मराठीत एक चष्मा, इंग्रजीत ‘ग्लासेस’, म्हणून ‘टेक देम ऑफ’. काकांना दुकानात रोज लागणारं वाक्य असल्याने त्यांनी ते कार्ड घरी नेलं.

बुधवार, 17 एप्रिल

नर्सचा मेसेज आला: ‘सॉन्सेंगनिम, आय टेक ऑफ सॅटरडे.’ शनिवारी ती कुठेतरी निघते आहे असं समजून मी बाकीच्या तिघांना विचारून वर्ग रविवारी ठेवला.

रविवार, 21 एप्रिल

वाचनालय रविवारी बंद असतं. कळायला हवं होतं मला. दारात उभे राहून उलगडा झाला: नर्सने शनिवारची रजा घेतली होती, वर्गाला येता यावं म्हणून! शनिवारी ती वाचनालयापर्यंत येऊन परत गेली. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या बाईला शनिवारची सुट्टी मिळवणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे, म्हणून हे फार लागलं.

इथल्या नर्सच्या वेळापत्रकात ‘डे, इव्हनिंग, नाइट, ऑफ’ असे इंग्रजी शब्दच कोरियन उच्चारात चालतात, ‘ओपु’ म्हणजे सुट्टीचा दिवस. तिच्यासाठी ‘ऑफ’ हे नाम आहे. ते ‘घेतलं’ की झालं ‘टेक ऑफ’. माझ्या पहिल्या यादीत ‘सुट्टी घेणे’ हा अर्थ सातव्या क्रमांकावर होता, पण दिवस कुठे बसतो हे मी एकदाही करवून घेतलं नव्हतं.

शनिवार, 27 एप्रिल

सुरुवातीला तीन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली. ‘आय ॲम ऑफ ऑन सॅटरडे’: त्या दिवशी कामावर नाही. ‘आय टुक सॅटरडे ऑफ’: रजा घेतली, दिवस मध्ये, त्याच लवचिक पट्टीत. ‘आय ॲम टेकिंग ऑफ’: निघते मी. दिवसाचं कार्डही अरुंद कापलं. ‘टेक ऑफ सॅटरडे’ म्हणणारे लोकही आहेत, पण त्याच वाक्याने आमचा एक वर्ग बुडाला, म्हणून मी मधलीच जागा पक्की केली.

रजेला कोरियनमध्ये ‘नेदा’ म्हणतात, म्हणजे पुढे करणं, सादर करणं. ‘यॉन्छा नेदा’, वार्षिक रजा टाकणं. आपणही रजा ‘टाकतो’. दोन्हीकडे रजा ही अर्ज करायची गोष्ट. इंग्रजीत ती दिवसातून कापून घ्यायची गोष्ट, एवढं सांगितल्यावर ‘ऑफ’ तिथे का आहे ते नर्सच्या लक्षात आलं.

उरलेला तास मला आयुष्यभर आठवेल. राहिलेले तीन अर्थ होते: विमान उडणं, गाणं किंवा धंदा एकदम चालायला लागणं, आणि माणूस झटकन निघून जाणं. मी तिन्हींची चित्रं काढून आणली होती, तीन वेगळे अर्थ तीन वेगळ्या कार्डांवर. इंजिनिअरने तिन्ही एकावर एक ठेवली आणि म्हणाला, ‘सॉन्सेंगनिम, हे तर त्तुदा.’

खरंच की. विमान आकाशात ‘त्तुदा’. सध्या गाजायला लागलेला गायक, तोही त्तुदा. आणि जागा सोडून जाणं, ‘जारीरुल त्तुदा’. शब्दकोशात हा शेवटचा त्तुदा वेगळा शब्द म्हणून नोंदलेला आहे, पण बोलणाऱ्याच्या कानाला तो तोच आहे. विमानातल्या घोषणांत ‘इर्युक’ असतं, चिनी मुळाचा शब्द, जमीन सोडणं. मी पहिल्या यादीत तोच लिहिला होता. तो शब्द घोषणेतला आहे. घरात बोलताना विमान त्तुदाच होतं.

म्हणजे एकाच इंग्रजी क्रियापदाला कोरियनमध्ये दोन अगदी वेगळी वळणं आहेत. कशाला तरी काढायचं असेल तर तिकडे सहा-सात क्रियापदं. कशालाही काढायचं नसेल, आपलंच उठून जायचं असेल, तर तिकडे एकच. पहिल्याच दिवशी मी अर्थांना क्रमांक देण्याऐवजी हे दोन गठ्ठे केले असते तर मार्च महिना वाचला असता. आज सगळी कार्डं दोन रंगांच्या रबरांत बांधली: कर्म असलेली लाल, कर्म नसलेली निळी.

मराठीत आपल्याला हा आधार नाही. विमान उडतं, माणूस निघतो, गाणं चालतं. मराठी मुलांना शिकवताना हे तीन वेगळेच शिकवावे लागतील.

शनिवार, 4 मे

त्तुदा फार आवडलं त्यांना, आणि त्यातून नव्या चुका आल्या. ‘द सन टेक्स ऑफ ॲट सिक्स’. सूर्य उगवणंही त्तुदा, पाण्यावर तरंगणंही त्तुदा. आणि जागा सोडणं कोरियनमध्ये कर्म घेतं, म्हणून ‘ही टुक ऑफ द सीट’, म्हणजे त्याने खुर्चीच उपटून काढली.

निळ्या गठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहिलं: यानंतर काही नाही. सूर्य, चंद्र, होडी वेगळ्या पानावर, त्यावर फुली.

उच्चारही आज घेतले. कोरियनमध्ये दात ओठाला लावून होणारा ‘फ’ नाही. कॉफी त्यांच्याकडे ‘खॉफी’ होते, दोन्ही ओठांनी, आपल्या ‘फळ’सारखी, आणि इंग्रजी ऐकणाऱ्याला ती ‘कॉपी’ वाटते. ‘ऑफ’चं ‘ओपु’ होतं. आरशासमोर वरचे दात खालच्या ओठावर ठेवायला लावले. ‘टेक इट ऑफ’ एका श्वासात ‘टेकिटॉफ’ असं ऐकू येतं, तेही वीसदा म्हणून घेतलं. आजींना हे सगळ्यात अवघड गेलं, पण त्या थांबल्या नाहीत.

शनिवार, 11 मे

आजींसाठी विमानतळाची तालीम. काका अधिकारी झाले, टेबल म्हणजे तपासणीचा पट्टा. ‘प्लीज टेक ऑफ युवर शूज.’ ‘प्लीज टेक ऑफ युवर बेल्ट.’ ‘व्हॉट टाइम डज द प्लेन टेक ऑफ?’ आजींनी सगळं केलं, पट्टा नसताना पट्टा सोडून दाखवला.

नर्सने जाता जाता सांगितलं की ती अजून ‘इरेज माय मेकअप’च म्हणते. जिउदा म्हणजे पुसणं, हे इतकं खोल आहे. ‘टेक ऑफ माय मेकअप’चं कार्ड तिने आरशाला चिकटवलं आहे.

बुधवार, 15 मे

शिक्षक दिन, यंदा बुद्धजयंतीही आजच. ही तारीख राजा सेजोंगच्या वाढदिवसावरून ठरवली आहे, ज्याने 1446 मध्ये कोरियन लिपी लोकांच्या हाती दिली. चौघं घरी आली, कार्नेशनची फुलं घेऊन. आजींनी स्वतः बनवलेली कार्डं दाखवली: बाजूला कोरियन अक्षरांत लिहिलेलं ‘टेइखिटॉपु’, आणि ‘पु’वर दात-ओठांचं चित्र.

मंगळवार, 21 मे

आजींचा डेन्व्हरहून मेसेज आला, लांबलचक. पोचल्या. सुरक्षा तपासणीबद्दल त्यांनी लिहिलं ते जसंच्या तसं मराठीत देते.

‘सॉन्सेंगनिम, तिथला माणूस टेक म्हणालाच नाही. तो ओरडत होता, शूज ऑफ, बेल्ट्स ऑफ, लॅपटॉप्स आउट, लिक्विड्स आउट. टेकची वाट बघत मी उभी राहिले. मागचे लोक थांबले. मग शूज आणि ऑफ ऐकू आलं आणि तुम्ही हात टेबलावरून उचलायच्या ते आठवलं. बूट काढले. आउट म्हटल्यावर पिशवीतून क्रीमची बाटली काढली, काकांच्या लेन्ससारखी.’

अडीच महिने मी ‘टेक’ला धरून होते. ज्या प्रसंगासाठी हे सगळं केलं, तिथे क्रियापद नव्हतंच. 30 मार्चचा दुरुस्तीचा तास आणि 6 एप्रिलचं कापलेलं कार्ड, आजींना या दोनच गोष्टी उपयोगी पडल्या.

रांजणगावच्या मैत्रिणींना आजच कळवलं. दोन्ही गठ्ठ्यांच्या आधी आता चार नवी कार्डं जातील, ‘टेक’ नसलेली: ‘शूज ऑफ’, ‘बेल्ट ऑफ’, ‘लॅपटॉप आउट’, ‘हँड्स ऑफ’. पहिल्या दिवशी वस्तूंची टोपली, आणि फक्त हाताची खूण. ‘टेक’ दुसऱ्या आठवड्यात.

आजी ऑगस्टमध्ये परत येतील. तोवर ‘पुट ऑन’ची टोपली भरायला घेतली आहे, इप्ता, शिन्ता, स्सुदा, क्कीदा, छादा, मेदा, सहा कार्डं कापून झाली.